तळटीप क्रमांक सतरा

अनगोळ, बेळगाव
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

यशपाल,

आधी 'स. न. वि. वि.' लिहिलं होतं, ते खोडलं. वर काळं दिसतंय ते त्याचंच. 'प्रिय' लिहावं का, यात दोन दिवस गेले. म्हणून नुसतं नाव.

अक्षर ओळखलं असशील. मी मष्णू बेळगुंदकर. तुझा म्हैसूरचा पत्ता तुझी भाची अक्षरा हिच्याकडून मिळाला. ती इथं कॅम्पातल्या बँकेत आहे आणि माझ्या दुकानाचं खातं तिच्याच टेबलावर येतं. फोन नंबरही देत होती, मी नको म्हटलं. आवाज ओळखून तू फोन ठेवला असतास. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

कामाचं लिहितो. आपलं छोटं स्टेशन पाडणार आहेत.

कागदावरचं नाव सिटी पॅसेंजर स्टेशन. मेल गाड्या आणि माल मोठ्या स्टेशनात, इथं फक्त पॅसेंजर, तीन जाताना, तीन येताना. फलाट चारशे बारा फूट, मी टेपनं दोनदा मोजलेला. तिकीट खिडकी एकच, पूर्वेकडं तोंड. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, दोन फूट चार इंच. देसूरहून गाडी सुटली की तुझे वडील, सत्याप्पाकाका, त्यावर हातोडी मारायचे, आणि त्या ठोक्यावर अनगोळातल्या बायका चुलीवरचं उतरवायच्या. बेळगुंदीची रताळी, खानापूरचा तांदूळ, दुधाच्या घागरी, कोर्टाच्या तारखेची माणसं, सगळं त्या एका खिडकीसमोरून गेलं. १९९४ ला मीटरगेज उखडलं, नवी लाईन शंभर फूट पलीकडनं टाकली, आणि स्टेशन मागं राहिलं. मग तिथं सिमेंट ठेवलं, मग मतदानाच्या पेट्या, मग भंगार. आता उड्डाणपुलाचा एक खांब नेमका तिकीट खिडकीवर येतोय. तुला हे सगळं पाठ आहे. अर्जात लिहून लिहून मला सवय लागली आहे.

नऊ वर्षं अर्ज करतोय. अखेर जुन्या वास्तूंच्या यादीसाठी एक समिती बसली आहे. अट एकच, इमारत शंभर वर्षांची हवी. तशी ठरली तर खांब चौदा फूट सरकवतात. माझ्या पुस्तिकेत इमारतीचं साल १८८७ आहे, म्हणजे एकशे अडतीस वर्षं. त्या बाजूनं काळजी नाही. पण तिथं काम केलेल्यांच्या घरच्या माणसांची निवेदनंही जोडायला सांगितली आहेत. सत्याप्पाकाकांनी तिथं पॉइंट्समन म्हणून एकतीस वर्षं काढली. मजकूर लिहून सोबत ठेवला आहे, खाली तुझी सही तेवढी हवी. सुनावणी ८ एप्रिलला.

बाकी माझं चाललंय. मोटार वाइंडिंगचं दुकान तेच, त्याच जागी. काम कमी झालं. पंप जळला की लोक टाकून देतात, नवा आणतात. वेढे मोजताना मात्र अजून चुकत नाही. मंगल म्हणते, ''टेशनचा जल्मदाखला हुडकतायसा, रेशनकार्डावर माझं नाव तीन वर्सं चुकलंय ते कोण बघायचं?''

जुन्या गोष्टीवर मी काही लिहीत नाही. तो विषय संपला असं धरून चाललोय.

मष्णू


अनगोळ
२ मार्च २०२५, रविवार

यशपाल,

तुझं कार्ड आलं. एकोणतीस वर्षांनी दीड ओळ. 'सही देईन. तळटीप क्रमांक १७ अजून आहे का?'

आहे. छापलेलं कुठं जातं?

तुला पाठ असणार, तरी जशीच्या तशी उतरवतो. मी काही लपवतोय असं व्हायला नको. पान ४१. 'स्टेशनची दगडी इमारत मागाहून बांधली गेली व त्या कामावर आपण स्वतः होतो, असे एका वृद्ध मजूर स्त्रीचे म्हणणे आहे. त्या वेळी मुलगा पोटात होता, असे ती सांगते. सदर मुलाची जन्मतारीख रेल्वेच्या सेवापुस्तकात १ जून १९३१ अशी आहे. परंतु १९२९ च्या नकाशात इमारत दिसते. सबब ही अशिक्षित स्मृती पुराव्यास अग्राह्य.'

हिशेब बघ. कागदावर तो आजही चुकलेला नाही. एसेसेल्सी नापास माणसानं इतिहास लिहायचा म्हणजे लोक आधी त्यात चूकच शोधणार. मी इंग्रजी शिकलो ते डिक्शनरी पुढ्यात घेऊन, रेल्वेचे जुने अहवाल वाचण्यासाठी. मोडी शिकलो. चौसष्ट पानांसाठी सहा वर्षं घातली. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी कार्ड पाठवलं होतं, 'विशेषतः आपली पुराव्याची शिस्त वाखाणण्याजोगी.' ते मी लॅमिनेट करून घेतलं. दुकानात अजून आहे, कडा पिवळ्या पडल्या.

तुझ्या आजीनं, सोनुबाईनं, मला ते फलाटावरच्या बाकावर बसून सांगितलं. तू शेजारी होतास. पहिलं इथं नुसता मातीचा कट्टा आणि वर पत्रा होता, दगडाचं काम मागनं झालं, आणि तिनं त्या कामावर चुन्याची पाटी वाहिली. कोनशिलेच्या पुजेला मुकादमानं तुमच्या वस्तीतल्या बायकांना रस्त्यापलीकडं उभं केलं. नारळ, सुपारी, पैसा, सगळं तिनं लांबून बघितलं. पुढं तिकीट खिडकीचा दगड बसवायच्या दिवशी गवंडी पाणी प्यायला गेला, तेवढ्यात तिनं ओल्या चुन्यात स्वतःचा तांब्याचा पैसा आणि बांगडीचा तुकडा ठेवला. मी विचारलं, खिडकीच का? तिचे शब्द मी वहीत उतरवले होते. ''पुजा तुमी केलासा. तिकीट काढाय आमी बी हितंच येनार न्हवं?''

वहीत उतरवले, पुस्तिकेत घेतले नाहीत. तपासायचं तर खिडकी फोडावी लागली असती.

प्रकाशनाला तू तिला रिक्षातनं घेऊन आलतास. नवं लुगडं नेसली होती. मी व्यासपीठावरनं बघत होतो. तिनं पुस्तिका हातात घेऊन उलटी-सुलटी केली आणि तुला काहीतरी विचारलं, माझं कुठं लिवलंय म्हणूनच विचारलं असणार. तू पान काढलंस, वाचलंस, मिटलंस. तिला काय सांगितलंस ते ऐकू आलं नाही. ती हसली एवढं दिसलं. मग तू माझ्याजवळ आलास.

''एक जून कुणाची खरी असते रं? तुझी तरी?''

मी म्हणालो, कागद आहे. ते आपलं शेवटचं बोलणं. त्या थंडीत सोनुबाई गेली. विहारात पुण्यानुमोदनाला मी आलो नाही. वाइंडिंगचं तातडीचं काम होतं असं तेव्हा सांगितलं होतं. नव्हतं.

माझीही जन्मतारीख १ जून. आई सांगायची, घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी झालास. मास्तरांनी शाळेत घालताना आमच्या अख्ख्या ओळीला एक जून लावली. सत्याप्पाकाकांना रेल्वेत लावताना कुणा साहेबानं वयातली चार वर्षं कमी केली असतील, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. एवढं कबूल करतो.

पण स्टेशन १८८७ ला सुरू झालं याला कंपनीचा छापील अहवाल आहे. साल बदलायचं कारण नाही. सही पाठव.

मष्णू


अनगोळ
१८ मार्च २०२५, मंगळवार

यशपाल,

सही मिळाली. आभार मानत नाही. पुढचं वाचून तू ती परत मागशील.

मीच अर्ज दिलता, की एखादा दगड काढून आतला चुना तपासा, सिमेंट नाही एवढं सिद्ध होईल. अर्ज मंजूर झाला. गेल्या गुरुवारी एक तरुण इंजिनीअर, दोन गडी आणि जयाबाई म्हणून एक काकतीकडची मजूर बाई असे आले. कोणता दगड काढायचा ते इंजिनीअरनं मला विचारलं. भिंतीला धक्का न लावता निघण्यासारखा दगड एकच, तिकीट खिडकीचा खालचा. मी बोट दाखवलं. सोनुबाईची गोष्ट त्या वेळी मनात होती का, असं तू विचारशील. मला ठरवता येत नाही.

गड्यांनी पहार लावून दगड उचलला. जयाबाई हातानं चुना बाजूला करत होती. ती थांबली. मग हळूच म्हणाली, ''अण्णा, ह्ये पडलेलं न्हाय. ठेवलेलं हाय.'' इंजिनीअर फोनवर बोलत होता. तिनं पदराआडनं ते माझ्या हातात दिलं. त्यांच्यात अजून ठेवतात म्हणाली, पण आता मालकाला आवडत नाही म्हणून कुणाला न सांगता.

हिरव्या बांगडीचा अर्धा तुकडा आणि पाव आण्याचं नाणं, म्हणजे जुना पैसा. चिंचेनं घासलं नाही, नुसतं धोतराच्या कपड्यानं पुसलं आणि भिंगातनं बघितलं. राजाचं तोंड. मागच्या बाजूला साल. १९२६.

दोन दिवस मी पळवाटा शोधल्या. खिडकी मागाहून दुरुस्त केली असेल, असं म्हणता आलं असतं. म्हणून पुन्हा जाऊन बघितलं. खिडकीचा वरचा दगड दोन्ही बाजूंच्या भिंतीत नऊ-नऊ इंच आत गेलेला आहे, चुना एकच, वाळू एकच. भिंत आणि खिडकी एकाच वेळची. अहवालात १८८७ ला स्टेशन सुरू झाल्याचं आहे. इमारतीबद्दल त्यात एक शब्द नाही. मी तो शब्द त्यात वाचला होता. सुरू झालं ते सोनुबाईनं सांगितलेलं मातीच्या कट्ट्याचं स्टेशन.

नाणं १९२६ चं, नकाशा १९२९ चा, सत्याप्पाकाका चार वर्षं मागं नेले तर १९२७ चे. तिन्ही गोष्टी बसतात. इमारत अठ्ठ्याण्णव वर्षांची आहे. दोन कमी.

हे मला, जयाबाईला आणि आता तुला माहीत. सुनावणीला तीन आठवडे आहेत. तेवढे आपण गप्प राहिलो तर स्टेशन यादीत चढतं. चढलं की मी स्वतः जाहीर करीन, वाटल्यास पेपरात देईन. स्टेशन वाचलं तर सोनुबाईनं बांधलेलंच वाचलं, असंही म्हणता येतं. हे वाक्य मी चार वेळा लिहून बघितलं. चारही वेळा वकिलाचं वाटलं. तरी ठेवतोय.

तुझं काय म्हणणं आहे ते लिही. या वेळी दीड ओळीपेक्षा जास्त लिही.

मष्णू


अनगोळ
११ एप्रिल २०२५, शुक्रवार

यशपाल,

तुझं कार्ड पाच तारखेला मिळालं. 'पैसा आजीचा आहे. स्टेशनचं तू बघ.' एवढंच. मला राग आला. नऊ वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या मी चढायच्या, गुडघे माझे गेले, आणि हा म्हैसुरात पंख्याखाली बसून मला सांगतोय तू बघ.

सांगून टाकतो, सुनावणीला मी गप्प बसायचं ठरवून गेलतो. पैसा मात्र खिशात होता. घरी ठेवून जायचा धीर झाला नाही.

मारुतीराव चाळीस माणसं घेऊन आलते. ते आमच्या स्टेशन बचाव समितीचे अध्यक्ष, दोनदा नगरसेवक झालेले. बाहेर चहा, आत टाळ्या, असा सगळा बेत होता. कागद तपासायला नागेंद्र नावाचे अधिकारी होते, धारवाडकडचे, वयानं आपल्याएवढे. माणूस सावकाश वाचणारा. मराठी वाचताना ओळीखाली बोट ठेवतात. माझी पुस्तिका पुराव्याला जोडलेली होती. साल बघितलं, मान हलवली. मला वाटलं, झालं. मग त्यांनी पान उलटलं आणि बोट खाली तळटिपेवर गेलं. मोठ्यानं वाचली. एका वृद्ध मजूर स्त्रीचे. अशिक्षित स्मृती. अग्राह्य. सगळी सभा ऐकत होती. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती मी पहिल्यांदाच ऐकली.

''ही बाई कोण? हरकत घेतली आहे तर रजिस्टरला नाव पाहिजे.''

मी म्हणालो, सोनुबाई.

''पुढं? गंडन हेसरु? नवऱ्याचं नाव? ऊर, गाव कुठलं?''

मला आलं नाही, यशपाल. फलाटाची लांबी येते. रुळाच्या तुकड्याचं माप येतं. १९०८ सालच्या तिसऱ्या वर्गाचं खानापूरचं भाडं येतं. ती बाई माझ्याजवळ दोन तास बोलली, आणि मी तिला पूर्ण नाव विचारलेलं नव्हतं. पुस्तिकेत नाव द्यायचंच नव्हतं, मग विचारायचं कशाला, असं झालं असेल. वहीतही बघितलं आल्यावर. वहीत 'सत्याप्पाची आई' असं आहे.

नागेंद्र पेन धरून थांबले होते. मी म्हणालो, पूर्ण नाव मला माहीत नाही, पण ती बरोबर होती. आणि पैसा काढून त्यांच्या रजिस्टरवर ठेवला. मग सगळं सांगितलं, खिडकी, जयाबाईचं नाव न घेता बांगडी, नकाशा, एक जून. एक जूनला सभेतली दोघंतिघं हसली. त्यांचीही तीच असणार.

नागेंद्रांनी नाणं उलटून पालटून बघितलं, परत माझ्यापुढं सरकवलं. ''दोनच वर्षं कमी, बेळगुंदकर. तुम्ही बोलले नसते तर मी विचारत नव्हतो.'' मग खाली मान घालून लिहिलं. अर्ज अपात्र.

बाहेर मारुतीरावांनी मला सगळ्यांसमोर गाठलं. ''मष्णू, नऊ वर्सं गाडी वढलास आन् फलाटात आल्यावर रूळच काढलास की रं.'' चूक नव्हतं त्यांचं. चाळीस माणसं चहा न घेताच गेली.

घरी मंगलला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, जेवा.

मष्णू


अनगोळ
१ जून २०२५, रविवार

यशपाल,

आज माझा कागदोपत्री वाढदिवस. सकाळी अक्षराच्या बँकेचा शुभेच्छांचा मेसेज आला. सत्याप्पाकाकांचाही आजच असायचा.

स्टेशन २२ मेला पाडलं. नऊ चाळीसला सुरुवात, सव्वादोनला संपलं, चार तास पस्तीस मिनिटं. मी शेवटपर्यंत उभा होतो. कोनशिला निघाली तेव्हा खाली वाकून बघितलं, पुजेतलं काही राहिलंय का म्हणून. काही नव्हतं. पुजेनंतर त्याच आठवड्यात कुणीतरी काढून नेलं असणार. अठ्ठ्याण्णव वर्षं टिकलं ते एकटीचंच.

तिकीट खिडकीचा खालचा दगड मी मागून घेतला. कंत्राटदारानं दिला, त्याला त्याचं काय. टेम्पोत चढवताना जयाबाई भेटली, हात लावायला आली. दगडाच्या मधोमध खळगा आहे, सुटे पैसे सरकवून सरकवून पडलेला, खोली साडेतीन सूत, अर्ध्या इंचाला जरा कमी. आता दुकानात भिंतीला टेकवून ठेवलाय. वजन ऐंशी किलोच्या घरात. नेणार असलास तर गाडी घेऊन ये. नेणार नसलास तरी बघायला ये. मी दुकानातच असतो, रविवारीसुद्धा.

पैसा आणि बांगडीचा तुकडा रजिस्टर पोस्टानं वेगळा पाठवलाय, वाइंडिंगच्या पिवळ्या कागदात गुंडाळून. तो कागद हवा लागू देत नाही.

पुस्तिकेच्या पाचशे प्रतींतल्या एकशे सदतीस माझ्याकडं उरल्या आहेत. गेलेल्यांचं आता काही करता येत नाही. उरलेल्यांत पान ४१ वर चिकटवायला एक पट्टी छापून घेतली. मजकूर असा आहे: '१७. ही इमारत १९२७ ची. तिच्यासाठी चुना वाहिलेल्या ................ यांनी हे मला सांगितले होते. मी ते नाकारले. चूक माझी होती. – म. बे.' प्राध्यापकांचं कार्ड भिंतीवरनं काढलं. त्याच्या मागची भिंत पांढरी निघाली, तेवढीच.

रिकामी जागा पावणेतीन इंच आहे. तिथं नाव हातानं लिहायचं, एकशे सदतीस वेळा. अक्षराला विचारता आलं असतं, मृत्युदाखल्यावर असेलच. पण दाखल्यावरचं नको. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, माहेरचं गाव, ती स्वतः जसं सांगायची तसं लिहून पाठव. जागा कमी पडली तर पट्ट्या पुन्हा छापून घेतो.

मष्णू